आज गाडीत सानुबर

आठवड्यातले सहा दिवस मी परक्यांना नेतो
बाकूहून दक्षिणेला, समुद्र डाव्या हाताला ठेवून.
आज गाडीत सानुबर.
मांडीवर डबा, पायाशी कलिंगड,
ते दर वळणावर घरंगळून
माझ्या ब्रेकखाली येऊ बघतंय.

तेवीस वर्षं तिनं म्हटलं नाही, ने.
मी म्हटलं नाही, चल.
रविवारी गिऱ्हाईक जास्त, सोमवारी गाडीचं काम,
मग मुलगा झाला, मग आईनं अंथरूण धरलं,
मग काहीच नव्हतं,
तरी नाही.

फाट्यावर डांबर संपतं, लाडाचा खिळान् खिळा बोलू लागतो.
वर माळावर चिखलाची वारुळं,
माणसाएवढी, टाळूला तोंड असलेली.
आतून एक बुडबुडा येतो,
फुगतो, जरा विचार करतो,
फुटतो.
परके इथं किंचाळतात, फोन काढतात.
मी म्हणतो, हात लावा, भाजत नाही,
आमचा ज्वालामुखी थंड डोक्याचा.
हा विनोद मी रोज करतो. आज नाही केला.

ती वाकली. दोन बोटं बुडवली,
अंगठ्यानं चोळली, हुंगली.
रॉकेल, मीठ, किंचित नासकं अंडं.
"अस्सं," म्हणाली, "म्हणजे हाच तो."
"कोण?"
"तुझ्या पँटच्या घोट्याशी असतो तो.
गरम पाण्यात जास्तच घट्ट बसतो.
आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा, मग व्हिनेगर.
पहिलं वर्षभर मला वाटायचं,
तू चोरून कुठेतरी सिमेंट कालवायला जातोस."

मग खडकांकडे. माझी जीभ आपोआप सुटली:
हे बैल, ही पोटुशी बाई,
ही होडी, नाळेवर सूर्य घेतलेली.
तेव्हा समुद्र इथवर यायचा.
"आणि आता?"
आता तो तिथे. आणि दरसाल मागे सरतोय.
खाली पांढुरका पट्टा,
त्यापलीकडे तेलाचे मनोरे
पाण्यात पाय सोडून उभे.
ती बराच वेळ बघत राहिली.
"होडी न्यायची विसरला," म्हणाली.

पायथ्याशी रोमन शिपायानं कोरलेली अक्षरं.
दोन हजार वर्षांची, मी म्हटलं, जरा आब राखून.
"पुरुषाची जात," ती म्हणाली,
"गेला तिथं नाव खरडणार. दगड कुणाचा, विचारलं का यानं?"

नाचणाऱ्यांची ओळ मात्र तिला सोडवेना.
हातात हात, सगळे एका अंगाला झुकलेले.
मी सांगतो तेवढे नव्हतेच ते,
एक जास्त भरला.
"हा कडेचा बघ. याचा हात रिकामा आहे.
पुढचा कुठे गेला?"
पुढे खडकच तुटलेला.
हजार फेऱ्या मारल्या असतील मी,
पोरीबाळींना, प्रोफेसरांना, एकदा एका मंत्र्याच्या मेव्हण्याला दाखवलं,
तो हात पाहिला नव्हता.

डफाच्या दगडावर सगळे तीन टिचक्या मारतात,
वाजला की हसतात, निघतात.
सानुबरनं गारगोटी उचलली
आणि तिच्या वडिलांचा लग्नातला ठेका धरला,
तोच, ओठ दाबून, मान न हलवता.
राखणदार मिर्झाआगा हटकायला आला
आणि टोपी काढून उभाच राहिला.
मुलींना शिकवत नसत ते. मी काही विचारलं नाही.

कलिंगड समुद्रकाठी फोडलं. पांढरं निघालं.
मीठ लावून खाल्लं, नाव न ठेवता.

रात्री बाल्कनीत तिचा स्कर्ट, किनार राखाडी.
मी बादली भरली, कोमट.
"गार घे," आतून आवाज आला.
"आणि आधी वाळू दे."
स्टूल ओढून बसलो. वारा सुटला होता.
हा चिखल वाळायला किती वेळ लागतो,
कुणा परक्यानं मला कधी विचारलं नव्हतं.